दाराची करकर, अडकणारा ड्रॉवर आणि वाया गेलेलं वाटीभर खोबरेल

रानजाई (धागाकर्ती)
सासूबाईंच्या माहेराहून आलेलं जुनं सागवानी कपाट आमच्याकडे आहे. पावसाळा लागला की त्याचा खालचा ड्रॉवर अर्ध्यावर येऊन बसतो. दोन्ही हातांनी ओढला तर ड्रॉवर जागचा हलत नाही, कपाट पुढे येतं. दुसरी कटकट बेडरूमच्या दाराची. रात्री पाणी प्यायला उठलं की कर्रर्र, आणि लेक जागी.
गेल्या महिन्यात दोन्हींना खोबरेल लावलं. दार आठ दिवस गप्प होतं, आता पुन्हा सुरू झालंय, वर बिजागरीतून काळे ओघळ. ड्रॉवर तर आधीपेक्षा घट्ट. तेलाने घर्षण कमी होतं असंच शाळेत शिकलो ना? मग इथे उलटं का झालं? आणि नेमकं कशाला काय लावायचं?

सोऱ्या
वाचतेय. आमच्याकडे सहा दारं आहेत आणि सहाही वेगवेगळ्या पट्टीत गातात.

भटक्या_भीम
तेलाऐवजी तूप लावून बघा. घरात निदान वास तरी चांगला येईल. :)

खटपट्या
ड्रॉवर आधी पूर्ण बाहेर काढून मागे काय आहे ते बघा.

रंधा
वडील सुतार होते, मी हौशी. त्यामुळे ड्रॉवरपुरतं अधिकाराने बोलतो.
कच्च्या लाकडाला तेल लावू नये. कपाट बाहेरून पॉलिश केलेलं असतं, पण ड्रॉवरच्या बाजू आणि खालच्या पट्ट्या बहुतेक कोऱ्याच ठेवलेल्या असतात. पावसाळ्यात त्या हवेतली ओल पितात आणि फुगतात. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रेषांच्या आडवं. म्हणून ड्रॉवर लांब होत नाही, पण त्याच्या बाजूच्या फळ्या उंचीला वाढतात आणि खाचेत टाइट होतात. त्यावर तुम्ही तेल ओतलंत. लाकडाने तेही पिऊन टाकलं. दोन लाकडांच्या मध्ये राहायला तेल उरलंच नाही. जे थोडं वर राहिलं त्यात कपड्यांचा लिंट आणि धूळ बसली.
लाकडावर लाकूड सरकायचं असेल तर कोरडं, घन काहीतरी हवं. साधी पांढरी मेणबत्ती घ्या, ड्रॉवर काढून जिथे जिथे घासल्याच्या चकचकीत खुणा दिसतील तिथे जोर लावून फिरवा. मेणाचा पातळ थर बसतो, लाकूड मेणावर सरकतं. वडील स्क्रू पिळण्याआधीसुद्धा मेणबत्तीत खुपसायचे, निम्म्या ताकदीत आत जायचा.
एक कळकळीची सूचना. पावसाळ्यात चिडून रंधा मारू नका. आत्ता तासाल तर मे महिन्यात ड्रॉवर खुळखुळेल. फारच अडत असेल तर दोन दिवस पंख्याखाली उघडा ठेवा, मग मेण लावा.

मोगरा_७२
आमच्याकडे अंगाचा साबण घासायचो. तोही मस्त चालतो.

रंधा
मोगराताई, चालतो, पण साबण ओल ओढतो. कोकणात असाल तर दोन पावसाळ्यांत तिथे चिकटा होतो. स्क्रूला साबण लावला तर पुढेमागे गंजही धरतो. मेणाला पाण्याशी देणंघेणं नाही.

मोगरा_७२
कोकणातच आहे. आणि गेली ३० वर्षं साबणच लावतेय. ड्रॉवर चालू आहेत, मीही चालू आहे.

मास्तर_निवृत्त
मूळ प्रश्न चांगला आहे, "तेल लावूनही उलटं का". थोडं मास्तरकीचं बोलतो, कंटाळा आला तर खाली स्क्रोल करा.
कितीही गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली डोंगररांगेसारखा दिसतो. दोन वस्तू एकमेकींवर ठेवल्या की फक्त शिखरं शिखरांना टेकतात. खरा स्पर्श एकूण क्षेत्रफळाच्या अगदी नगण्य भागात होतो, पण तिथे दाब एवढा असतो की ती टोकं एकमेकांना जवळजवळ चिकटतात. सरकवायचं म्हणजे ते चिकटलेले ठिपके तोडत जायचं. वंगणाचं काम एकच, ते म्हणजे शिखरांना एकमेकांना भेटू न देणं. तेल मध्ये टिकलं तर काम झालं. लाकडाने शोषलं, बिजागरीतून गळून गेलं किंवा धुळीत कालवलं गेलं की त्याच तेलाची खरवड होते. तुमचे काळे ओघळ म्हणजे तेल, धूळ आणि बिजागरीचं झिजलेलं लोखंड. व्हॉल्व्ह घासायची पेस्टही याच तत्त्वावर बनवतात, त्यात कडक कण असतात एवढाच फरक.
आता करकर. थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त जोर लागतो, हलत्या वस्तूला सरकवत ठेवायला कमी. दार हळू ढकललं की बिजागरीची खीळ अडकते, ताण साठतो, सुटते, घसरते, परत अडकते. सेकंदाला शेकडो वेळा. ती थरथर दाराच्या फळीत उतरते आणि फळी तबल्याच्या पुडीसारखी आवाज मोठा करते. व्हायोलिनच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमकं हेच होतं. तिथे हे अडकणं-सुटणं नीट व्हावं म्हणून गजाला मुद्दाम राळ घासतात.

सोऱ्या
म्हणजे आमची सहा दारं शास्त्रीय वादन करतायत.

अर्ध्या_रात्रीचा_पाहुणा
मास्तरांनी सांगितलं ते कॉलेजात असताना अनुभवाने शिकलो होतो. हळूच दार उघडलं तर करकरतं, एका झटक्यात उघडलं तर नाही. उशिरा घरी येणाऱ्यांनी नोंद घ्यावी. झटक्यात उघडलेलं दार मागच्या भिंतीवर आपटू नये एवढीच काळजी घ्यायची. मी घेतली नव्हती.

टूलरूम_काका
मास्तरांच्या शिखरांवरून आठवलं. ३४ वर्षं पिंपरीत टूलरूममध्ये काढली. लोकांना वाटतं जितकं गुळगुळीत तितकं घर्षण कमी. थोडं फार खरं, पण एका मर्यादेपर्यंतच. आमच्याकडे मापासाठी स्लिप गेज असायचे, पोलादाचे आरशासारखे ठोकळे. दोन ठोकळे स्वच्छ पुसून, एकावर एक दाबत आडवे सरकवत आणले की असे धरतात की वरचा उचलला तर खालचाही बरोबर येतो. ना डिंक, ना चुंबक. सुटे करायचे तर परत आडवे सरकवत काढायचे, ओढून निघत नाहीत. नवीन पोरगा लागला की पहिल्या दिवशी त्याला हे दाखवायचो आणि संध्याकाळी सगळे सुटे करून, तेलाचं बोट फिरवून पेटीत ठेवायला लावायचो. रात्रभर जोडलेले राहिले तर सकाळी शिव्या ठरलेल्या.
बाकी बिजागरीला खोबरेल नको. शिलाई मशीनचं पातळ तेल मिळतं, दोन थेंब पुरतात. खीळ निघत असेल तर काढून, फडक्याने आतला काळा गाळ पुसून, मग तेल. गाळावर तेल म्हणजे न धुता पावडर लावण्यासारखं.

बर्फातला_बंड्या
काकांना दुजोरा. टोरंटोत पहिल्या हिवाळ्यात गॅरेजच्या दाराला आईने दिलेल्या बाटलीतलं खोबरेल लावलं होतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. बाहेर उणे १५. बिजागरीत पांढरं मेण तयार झालं. शेजाऱ्याला वाटलं भारतात दारांना आइस्क्रीम लावतात.

सुगरण_नव्हे
कोणीतरी "खायची तेलं चिकट होतात" असं सरसकट म्हणायच्या आत लिहिते. सगळी सारखी नाहीत. जवस हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून वाळतं, घट्ट पापुद्रा धरतं, म्हणून तर चित्रकार ते तैलरंगात वापरतात. करडई, सूर्यफूल, सोयाबीन त्याच वाटेवरची, पण सावकाश. स्वयंपाकघरातल्या तेलाच्या बरणीला बाहेरून जो पिवळा चिकटा धरतो, नखाने खरवडावा लागतो, तो हाच. बिजागरीत सूर्यफूल घालाल तर वर्षभरात तेच होणार. खोबरेल त्या मानाने बरंच टिकतं, त्याची खोड थंडीतली. आणि एरंडेल वेगळंच रसायन आहे. दाट असतं, धातूला धरून राहतं, सहज वाहून जात नाही.

वाडीवरचा
एरंडेलावरून आठवलं. आजोबांच्या बैलगाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. काळं, दाट, एरंडेलाच्या वासाचं. बाजारच्या आदल्या दिवशी चाक उपसून आसाला चिंधीने वंगण घालायचं काम माझं. नाही घातलं तर चाक कुईकुई करायचं आणि गाडी वेशीवर यायच्या आधी गावाला कळायचं. आजोबा म्हणायचे, "बैलाच्या मानंवर जू दिसतंय तुला, आसाचं वजन दिसत नाय." वंगण न घातलेल्या गाडीला बैल घाटीत बसायचे.

बोलघेवडा
कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलंय, कॅस्टर. सुरुवातीच्या विमानांच्या इंजिनात एरंडेल असायचं.

लाल_माती
आणि मल्लखांब विसरलात? पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेलच चोळतात. नुसतं कोरडं सागवान असेल तर मांड्या आणि बगला पहिल्या दिवशीच सोलवटून निघतील. पण जास्त झालं तर पकड सुटते आणि खाली येता. किती लावायचं हे हाताला कळावं लागतं. आम्ही पोरं आधी फडक्याने जादाचं पुसून घ्यायचो, मग सर परत थोडं लावायचे, मग आम्ही परत पुसायचो.

घाटातला_गार्ड (रेल्वेतून निवृत्त)
लाल_माती, "किती लावायचं" हा प्रश्न रुळावरही येतो. कसारा घाटात आणि कर्जत-लोणावळा घाटात चढ १:३७ आहे, म्हणजे ३७ फूट पुढे गेलात की १ फूट वर. गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लावतात ती त्याच्यासाठी. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी विरोधाने लोळतं. सपाटीवर एकदा हललेल्या १ टन वजनाला पुढे ढकलत राहायला साधारण १-२ किलोचा जोर पुरतो. रबरी टायरला त्याच्या कितीतरी पट लागतो. रेल्वे स्वस्त पडते ती यामुळे. पण चढाला तेच अंगावर येतं. पावसात रूळ ओला झाला की इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरतात. मग ड्रायव्हर बटण दाबून चाकांपुढे वाळू सोडतो. इंजिनात वाळूच्या पेट्या असतात, वाळू कोरडी आणि चाळलेली लागते, नाहीतर नळी चोंदते.
गंमत पुढे आहे. त्याच घाटात वळणावर बाहेरच्या रुळाच्या आतल्या बाजूला ग्रीस लावतात, कारण चाकाची कड तिथे घासून रूळ आणि चाक दोन्ही खाते. म्हणजे एकाच रुळाच्या डोक्यावर वाळू आणि कुशीला ग्रीस. ग्रीस चुकून डोक्यावर गेलं तर पुढची गाडी घाटात उभी.

रानजाई
बापरे, मी ड्रॉवर विचारला होता! पण वाचायला मजा येतेय. घाटातल्या काकांची पोस्ट नवऱ्याला वाचून दाखवली, तो दर आठवड्याला त्याच घाटातून जातो.

भटक्या_भीम
धागा आता कसाऱ्याला पोचला आहे. इगतपुरीला वडा मिळेल का?

चाळकरी_नं_४
घर्षण आणि कॅरम हा विषय अजून कोणी काढला नाही म्हणजे इथे एकही मुंबईकर नाही. बोर्डावर मारायची पावडर म्हणजे बोरिक अ‍ॅसिड. त्याचे थर कागदाच्या गठ्ठ्यासारखे एकमेकांवरून सरकतात, शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसारखेच. आणि वर टांगलेला १०० वॉटचा पिवळा दिवा फक्त उजेडाला नसायचा. पावसाळ्यात ओलसर झालेला बोर्ड त्याने सुकायचा. दिवा फुटला की सोंगट्या अर्ध्यात थांबायच्या. आमच्या चाळीत एका पोराने चेहऱ्याची पावडर आणली होती, पहिल्या दिवशी छान, चौथ्या दिवशी बोर्डावर पिठलं.

सोऱ्या
तीच बोरिक पावडर कणीक आणि साखरेत मळून आई झुरळांच्या गोळ्या करायची. म्हणजे आमची झुरळं घसरून मेली का?

मास्तर_निवृत्त
सोऱ्या, त्यांच्या पोटात जाऊन मेली. आणि लहान मुलं असलेल्या घरात ती पावडर उघडी ठेवू नका.

शंकासुर
मास्तर, एक शंका. शाळेत शिकलो की घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, फक्त वजनावर. मग गाड्यांना रुंद टायर कशाला?

मास्तर_निवृत्त
तो नियम आमोंतों या फ्रेंच माणसाने १६९९ मध्ये मांडला. त्याच्या दोनशे वर्षं आधी लिओनार्दोने वहीत टिपून ठेवला होता, पण छापला नाही. पुढे १७८५ मध्ये कुलोमने प्रयोग करून तो पक्का केला. वीट आडवी ठेवा नाहीतर उभी, ओढायला जोर जवळजवळ तेवढाच लागतो. आडव्या विटेला टेकायला जागा जास्त, पण प्रत्येक ठिपक्यावर भार कमी. हिशोब बरोबरीत सुटतो. पण हा निसर्गाचा कायदा नाही, बऱ्याच कोरड्या, कडक वस्तूंना लागू पडणारा अंदाज आहे. रबर मऊ, खड्ड्यांत शिरतं, त्याच्यावर भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही. म्हणून तेवढंच वजन जास्त रबरावर वाटलं तर फायदा होतो. शिवाय रुंद टायर कमी तापतो आणि कमी झिजतो. टायरवरच्या नक्षीचं मुख्य काम पाणी बाहेर काढायचं. कोरड्या रस्त्यावर नक्षी नसलेला टायर जास्त धरतो, शर्यतीच्या गाड्या बघा.

स्कूटीवाली
पण प्लीज हे वाचून कोणी गुळगुळीत टायर घेऊन पावसात निघू नका. पहिल्या पावसात दोनदा आडवी झालेय. वर्षभर सांडलेलं ऑइल आणि धूळ पहिल्या सरीत वर येते, त्याचा राडा होतो. तासभर चांगला पाऊस पडून गेला की रस्ता त्या मानाने बरा.

निळावंती
बायकांच्या रोजच्या आयुष्यातलं घर्षण म्हणजे बांगड्या. आमच्या कासारीणबाई साबणाच्या पाण्याने हात बुचबुचीत करून अंगठ्याखालचं हाड दाबत काचेच्या बांगड्या चढवायच्या. आता प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातावर घालतात, त्यावरून बांगडी सर्रकन जाते, मग पिशवी ओढून घ्यायची. अंगठी अडकली तर दोरा. बोटाला घट्ट गुंडाळायचा, एक टोक अंगठीखालून काढायचं आणि त्या टोकाने उलगडत जायचं.

गुडघे_६१
हे सगळं छान. गुडघ्यांना काय लावू?

डॉ_आळशी
गुडघे_६१, निरोगी सांध्यात घर्षणांक ०.०१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. नॉनस्टिक तव्यावर असतं त्या टेफ्लॉनवर टेफ्लॉन सरकताना तो साधारण ०.०४. म्हणजे तव्यापेक्षा गुडघा सरस. कूर्चा स्पंजासारखी असते, दाब आला की तिच्यातला द्रव वजन पेलतो. बाहेरून चोळलेलं तेल तिथवर पोचत नाही, चोळल्याने बरं वाटतं ते वेगळ्या कारणांनी. मांडीचे स्नायू बळकट करा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. इथे तपासणी करणार नाही.

वाडीवरचा
सगळेच घर्षण कमी करायच्या मागे. जातं आठवतंय का कुणाला? वर्षभर दळून तळ्या गुळगुळीत झाल्या की दाणे भरडायचेच नाहीत, नुसते घरंगळायचे. मग टाकी लावणारी वडारीण यायची, छिन्नी-हातोडीने तळीवर बारीक टोचे मारत बसायची. पाट्यालाही तसंच. टाकी लावल्यावर पहिलं दळण आई गुरांना घालायची, कारण त्यात दगडाची कच यायची. तेच जातं, पण मधल्या खुंट्याला मात्र ती तेलाचं बोट फिरवायची.

घाटातला_गार्ड
म्हणजे आमच्या रुळासारखंच. वर वाळू, कुशीला ग्रीस.

नवखा_ऑनलाइन
एवढं कशाला? डब्ल्यूडी-४० मारा, विषय संपला.

टूलरूम_काका
नवखा, तो फवारा चांगलाच आहे, पण कशासाठी ते बघ. नावच वॉटर डिस्प्लेसमेंट, म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसावा फॉर्म्युला. १९५३ मध्ये अमेरिकेत तयार झालं आणि अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या बाहेरच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून वापरलं. गंजलेला नट सोडवायला, गाळ सैल करायला एक नंबर. पण त्यातलं बरंचसं उडून जातं, मागे पातळ थर राहतो. बिजागरी त्याने धू, पूस, मग वर मशीनचं तेल किंवा बोटभर ग्रीस. कुलपाला मात्र तेल नको, आतल्या पिनांत धूळ धरते. शिसपेन्सिल किल्लीच्या खाचांवर घासायची आणि किल्ली चार वेळा आतबाहेर करायची.

चाळकरी_नं_४
अडकलेल्या चेनलाही शिसपेन्सिल. पांढऱ्या पॅन्टच्या चेनला मेणबत्ती. का ते मी अनुभवाने सांगतोय.

सोऱ्या
अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांचं राहिलं की.

रंधा
खिडकीला काही लावू नका, आधी खालच्या पट्टीतली माती काढा. जुना टूथब्रश आणि व्हॅक्यूम. दहापैकी नऊ खिडक्या तेवढ्यावर धावतात. उरलेल्या एकीची खालची चाकं झिजलेली असतात, ती बदलायची. फारच वाटलं तर सिलिकॉन स्प्रे, तेल नाही.

रानजाई
रविवारी नवरा आणि मी बसलो एकदाचे. अहवाल:
दार: काकांनी सांगितलं तशी खीळ काढायला गेलो तर वरच्या बिजागरीचे तीनपैकी दोन स्क्रू नुसतेच फिरत होते. दार खाली कललं होतं, म्हणून खीळ तिरकी घासत होती. भोकांत फेविकॉल लावून आगकाड्या ठोकल्या, वाळल्यावर स्क्रू परत पिळले, मेणबत्तीत खुपसून (रंधादादा, धन्यवाद). गाळ पुसून मशीनचं तेल दोन थेंब. चार रात्री झाल्या, लेक झोपलेली आहे.
ड्रॉवर: मेण लावायला म्हणून तो पूर्ण बाहेर काढला. मागच्या फटीत २०११ चं घडी घातलेलं लाइट बिल, सासूबाईंचा एक मोजा आणि अर्धी मेणबत्ती. मोजा चाकासारखा गुंडाळून खाचेत बसला होता. ते काढल्यावर ड्रॉवर निम्मा तिथेच सुटला. बाकीच्यासाठी तीच मेणबत्ती वापरली.

खटपट्या
प्रतिसाद क्रमांक ३.

भटक्या_भीम
लाइट बिल भरलं होतं का?

रानजाई
सासूबाई म्हणतात भरलं होतं. सासरे काही बोलत नाहीयेत.